पार्सेकर परशुरामरावांच्या काळजाची नाकेबंदी आणि तिची फते

श्री ग्रामदेवी प्रसन्न. गोमंतक घटकराज्य जाहल्यास बहुत वर्षे लोटल्यावरी पेडणे महाली मौजे पार्से येथे राजश्री परशुराम ढोलकरी यांचे काळजात जो बखेडा उठला आणि जैसा मोडला, तो थोरामोठ्यांनी चहात पाव बुडवीत ऐकावा.

तपशील ऐसा जे, परशुरामराव म्हणजे शिगम्याच्या रोमटाचे, म्हणजे ढोलताशांच्या मिरवणुकीचे, सरनौबत. ऐशियास काळजाच्या वरल्या दालनातून ठोक्याचा हुकूम सुटे, परंतु मधल्या नाक्यावरील चौकीदार घोरत पडला, आणि मग खालचे दालन आपल्या मर्जीने रेंगाळत चाले, आणि मग रावांस घेरी येई. एकदा तर ढोलासकट तुळशीपाशी आडवे जाहले. पणजीच्या इस्पितळातून डॉक्टर ताराबाईसाहेबांचे फर्मान सुटले की काळजास ठोका देणारे यंत्र आजच बसवावे, उद्याचा भरवसा नाही.

राव हट्टास पेटले की देवीच्या कौलावाचून अंगास सुई लावू देणार नाही. मग देवळी सगुण गुरवाने भिजली पाकळी मूर्तीस चिकटविली. उजवी पडली तर होकार. राव डोळे मिटून बसले आणि पाकळी काही हालेना. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवी, आत रावांची नाडी बुडे, आणि त्यांचे कुटुंब जानकीबाई घाम पुशीत खांबाशी उभ्या. तोंच पाकळी सपकन उजवीकडे उडाली आणि स्वारी इस्पितळाकडे कूच जाहली.

गळ्याखालच्या शिरेच्या भुयारातून यंत्राची तार काळजात शिरली. जुनी रीत अशी की तार भलत्याच कोपऱ्यात रोवावी, आणि मग काळजाची एक बाजू आधी उठे, दुसरी मागाहून धावे. ताराबाईंनी ती रीत मोडून, निजल्या चौकीदारास वळसा घालून, दालनांमधल्या पडद्यात तार पिळीत पिळीत देवाने घातलेला ठोक्याचा मूळ राजरस्ताच गाठला. राव जागेच. यंत्राची टिकटिक ऐकोन मेजावर बोटे बडवू लागले.

"परशुरामबाब, बोटं थांबवा. मी आत तार फिरवतेय."

"बाई, ताल तुटता हा, म्हणान धरतंय."

मग तार नेमकी बसली आणि दोन्ही बाजू एका चालीने चालू लागल्या. राव बोलले, "आता रोमाट जमला."

घरी परतताच राव नारळ घेऊन देवळी गेले. जानकीबाई बोलल्या, "येक नारळ पंख्याकय ठेया. पाकळी तेणां उडवली. बटण मी दाबलंय."

सगुण गुरव छताकडे पाहू लागला. रावांनी छातीवर हात ठेविला. ठोका शाबूत. मग दुसरा नारळ पंख्याखाली फोडिला आणि हुकूम फर्माविला की देवळातील पंख्याचे बटण जानकीबाईंस तहहयात इनाम. मोहीम फते जाहली. खोबरे समस्तांस वाटले.