काटा वर येईपर्यंत चहा

गाडी कोणतीही द्या, दोन दिवसांत माझ्या हाताखाली मांजर होते! हे मी एकेकाळी छाती फुगवून सांगत असे. सात वर्षं जीप हाकली होती. बस म्हणजे काय, जीपच की, जरा लांब!

माझा हा माज उतरवायचं काम डेपोतल्या उस्तादांकडे आलं. नव्या ड्रायव्हरांना बस शिकवणारे ते आमचे उस्ताद. त्यांची शिकवण्याची तऱ्हाच न्यारी. इंजिन सुरू करायचं आणि थर्मासमधून चहा ओतायचा.

"बस हवेवर थांबते," ते म्हणायचे. "इंजिन टाकीत हवा भरतं, ती हवा ब्रेक लावते. हवेच्या दाबाचा काटा पुरता वर आला की निघायचं. तोवर चहा."

"एवढा वेळ, उस्ताद?"

"एक कप. घोट घोट. आणि ब्रेक एकदा दाबून धरायचा. पाय नाचवायचा नाही. प्रत्येक नाचाला टाकीतली हवा जाते."

मी मान डोलवायचो आणि मनात हसायचो. जीपचा म्हातारा ब्रेक मी थपाथपा मारूनच वश केला होता. जित्याची खोड ती!

परीक्षेचा दिवस उजाडला. पास झालो तर डेपोत नोकरी, नापास झालो तर सासऱ्यांच्या दुकानात कापड मोजायचं. सासऱ्यांनी माझ्यासाठी वेगळी कात्री आणूनही ठेवली होती!

शेजारी परीक्षा घेणारे साहेब, मागे वजन म्हणून बसवलेले वीस उमेदवार, आणि शेवटच्या बाकावर मांडीवर थर्मास घेऊन उस्ताद. मी इंजिन सुरू केलं. काटा जेमतेम अर्ध्यावर आला, हवा कमी असल्याचं सांगणारा बझर गप्प झाला, आणि मी निघालो. मागून उस्ताद मोठ्याने खोकले. म्हटलं, सर्दी झाली असेल.

उतार लागला. समोर चौक. माझा पाय थेट जीपमध्ये गेला. थप, थप, थप, थप! साहेब मान डोलवताहेत, म्हणजे खूश आहेत, असं मला वाटलं. ते गचक्यांनी हलत होते. काटा सरसर उतरला, बझर कोकलायला लागला, आणि बरोब्बर चौकाच्या मधोमध मागची चाकं कचकन आवळली गेली. बस ठप्प!

मी घाबरून इंजिन बंद केलं आणि बोंब ठोकली, "ब्रेक फेल!"

झालं! वीसच्या वीस उमेदवार एका दारातून बाहेर. साहेबांनी खिडकीतून उडी मारली. त्यांची पँट खिडकीच्या कडीला अडकली आणि त्यांच्यामागून, थोडी फाटून, आली. चौक तुंबला. भोंग्यांचा कल्लोळ. "ढकला!" कोणीतरी ओरडलं. उमेदवार मागून ढकलू लागले. "अरे, सुटेल ती!" म्हणत साहेब पुढच्या चाकांखाली दगड लावू लागले. वीस माणसं ढकलताहेत आणि एक माणूस अडवतोय, आणि बस दोघांचंही ऐकत नाहीये!

तेवढ्यात माझं आत लक्ष गेलं. उस्ताद शेवटच्या बाकावर शांत बसले होते.

"उस्ताद, उतरा! ब्रेक फेल झालेत!"

"फेल असते तर बस थांबली असती का, शहाण्या?" ते उठून पुढे आले. "टाकीतली हवा उडवलीस, म्हणून आतल्या स्प्रिंगांनी चाकं धरली. बस तुझ्यापेक्षा समंजस आहे. आधी ओरडून सांगते, ऐकलं नाही तर स्वतःच थांबते."

त्यांनी हँडब्रेक ओढला, मागची माणसं बाजूला केली, इंजिन सुरू केलं आणि कप माझ्या हातात दिला.

"इथे? चौकात?"

"घोट घोट."

अख्खा चौक शिव्या घालत होता आणि मी चहा पीत होतो! त्या कपाइतका लांब कप मी आयुष्यात प्यायलो नाही. तो संपला तेव्हा काटा वर होता. साहेबांनी आपले दगड निमूट काढले. उस्तादांनी हँडब्रेक सोडला. फुस्स! बस निघाली.

"नापास!" एका हाताने पँट धरून साहेब म्हणाले.

"साहेब, ह्याला ब्रेक आजच कळलाय," उस्ताद हात जोडून म्हणाले. माझ्यासाठी आजवर कोणी हात जोडले नव्हते. "आठ दिवसांनी एकदा बघा."

आठ दिवसांनी साहेब नव्या पँटमध्ये आले. "चला, निघा!"

"नाही साहेब," मी म्हटलं. "काटा यायचाय. चहा घेणार?"

साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग कपासाठी हात पुढे केला. मी पास झालो. कात्री सासऱ्यांकडेच राहिली.

एकतीस वर्षं बस चालवली. उस्ताद गेले, त्यांचा थर्मास माझ्याकडे आला. पुढे नव्या बस आल्या, त्यांचा काटा अर्ध्या कपातच वर यायचा. उरलेला अर्धा कप मी उस्तादांच्या आठवणीत प्यायचो. फार आठवण येते त्यांची, अजूनही.

परवा मुलाने नवी मोटार घेतली. मला शेजारी बसवलं, इंजिन सुरू केलं. मी थर्मास उघडला.

"बाबा, ह्या गाडीला हवेचे ब्रेक नाहीत!"

"माहीत आहे रे," मी म्हटलं. "कप धर."