पानापेक्षा मोठा ठोकळा

मोठी वस्तू लहान जागेत मावत नाही, हे सत्य प्रत्येकाला लहानपणीच कळते आणि अधिकारपद मिळाल्यावर ते विसरण्याची मुभा असते.

फायली साठवण्याची प्रणाली बनवणाऱ्या एका कंपनीत हे सत्य वीस वर्षे नियम म्हणून पाळले जात होते. संगणकाची मेमरी पानापानांत वाटलेली असते. एक पान चार केबीचे. डिस्कवरची जागा ठोकळ्यांत वाटलेली असते. ठोकळा पानापेक्षा मोठा असू नये, एवढाच नियम. मग एका सोमवारी विभागप्रमुख साहेबांनी जाहीर केले, की यापुढे ठोकळा सोळा केबीचा. म्हणजे चार पाने मिळून एक ठोकळा. काम झपाट्याने होईल. कल्पना खरोखरच चांगली होती (चांगल्या कल्पनांचा त्रास हाच, की त्या तारखेसकट जाहीर होतात).

तपासणीचे काम एका बाईंकडे होते. विभागात त्यांना नापासबाई म्हणत. त्या कुणाचे वाईट चिंतत नसत. झाले म्हणून सांगितलेले काम खरेच झाले आहे का, एवढेच पाहत. चांगल्या घरच्या माणसांनाही अशी व्यसने जडतात.

त्यांच्याकडे नऊशे बारा चाचण्या होत्या. नव्या ठोकळ्यावर त्यांतल्या दोनशे सतरा नापास झाल्या. बाईंनी एकेक उघडून पाहिली. एकशे साठ ठिकाणी दोष चाचणीचाच निघाला: ठोकळा चार केबीचाच असणार, असे धरून ती लिहिलेली होती. धाकट्याच्या मापाने थोरल्याचा शर्ट बेतावा, तसे. बाईंनी तीन आठवडे मान मोडून ती मापे सुधारली. उरल्या सत्तावन्न. त्यांत दोष प्रणालीचा होता.

साहेबांनी बैठक बोलावली. सत्तावन्न चाचण्या नापास होणार हे आता आपल्याला ठाऊक आहे, ते म्हणाले. जे ठाऊक आहे ते अपेक्षित आहे. आणि अपेक्षेप्रमाणे घडले, तर त्याला अपयश कसे म्हणायचे? सगळ्यांनी माना डोलावल्या (चहा अजून यायचा होता). अशा रीतीने 'अपेक्षित नापास' ही यादी जन्माला आली. यादीतली चाचणी नापास झाली की फलकावर हिरवा दिवा लागे. चुकून पास झाली तर लाल लागे आणि लेखी खुलासा मागितला जाई.

यादीची कीर्ती इतर विभागांत पसरली. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकते, हे यादीत गेले आणि देखभालीच्या तक्रारी एका दिवसात चौदावरून शून्यावर आल्या. हजेरी विभागाने नेहमी उशिरा येणारे एकोणीस जण यादीत घातले. त्यांतला एक बिचारा एकदा वेळेवर आला, तर त्याला जाब द्यावा लागला.

मग अठ्ठावन्नावी आली. ही चाचणी डिस्कवर मजकूर लिहिला जात असतानाच वीज घालवून पाहण्याची होती, आणि ती पास होत होती. बाईंनी ती तरीही तीनशे वेळा चालवली. एका फायलीत सगळे 'क', दुसरीत सगळे 'ख'. तीनशेत एकदा 'क'च्या शेपटीला 'ख'च्या ओळी निघाल्या. फाइल ठोकळ्याच्या तिसऱ्या पानात संपली, तर चौथे कोरे करायला हवे. ऐन वेळी वीज गेली की ते राहून जाई आणि तिथला कुणाचा तरी जुना मजकूर उघडा पडे.

साहेबांनी शांतपणे ऐकले. दोनशे नव्व्याण्णव वेळा पास, एवढे गुण त्यांच्या मुलालाही पडत नव्हते. त्यांनी यादीत अठ्ठावन्नावा क्रमांक घातला, सही केली आणि 'तपासणी पूर्ण' असा दाखला बाईंच्या सहीसाठी पुढे सरकवला.

बाई दाखला घेऊन घरी गेल्या. सासूबाई निवृत्त परिचारिका. कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"आमच्या वॉर्डातही एक डॉक्टर होते," त्या म्हणाल्या. "ताप उतरेना की थर्मामीटर बदलायला सांगायचे. पण तक्त्यावर सही नर्सची असायची. तेवढं बघ."

सकाळी बाईंनी दाखला कोराच परत केला. साहेब रागावले नाहीत. 'तपासनीस सही करणार नाहीत' हे त्यांनी एकोणसाठावे म्हणून यादीत घातले, आणि विश्वास दाखवण्यासाठी कंपनीचे स्वतःचे सर्व कागद नव्या ठोकळ्यांवर हलवले.

तिसऱ्या दिवशी साहेब 'गुणवत्तेशी तडजोड नाही' हे परिपत्रक सेव्ह करत असताना लाइट गेली. चाळीस सेकंदांनी आली. परिपत्रक पुन्हा न उघडताच त्यांनी ते तीनशे चाळीस जणांना पाठवले. सहीखाली अकरा ओळी जास्तीच्या होत्या. साहेबांनी दुसऱ्या कंपनीत केलेल्या नोकरीच्या अर्जाच्या. 'सध्याच्या ठिकाणी गुणवत्तेला कोणी विचारत नाही. आमची प्रणाली मी स्वतःच्या घरी वापरणार नाही,' वगैरे. शेवटपर्यंत वाचले गेलेले हे कंपनीचे पहिले परिपत्रक.

साहेब बाईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "हे कसं झालं, मॅडम?"

"यादीत आहे, साहेब. अठ्ठावन्न नंबर. सही तुमची आहे."

ते खुर्चीत बसले. "दुरुस्तीला किती दिवस लागतील?" हा प्रश्न त्या इमारतीत पहिल्यांदाच विचारला जात होता. अशा वेळी आपल्याला आनंद होईल, असे बाईंना वाटले होते. पण तसे झाले नाही; त्यांनी साहेबांपुढे पाण्याचा ग्लास केला.

चार दिवस लागले. दुरुस्ती दोन ओळींची होती. बाईंनी चाचणी तीन हजार वेळा चालवली. 'ख' एकदाही फिरकला नाही. साहेबांना ती दुसरी नोकरी मिळाली (अर्जातला प्रामाणिकपणा तिथे फार आवडला).

पण सत्तावन्न दोष उरलेच होते आणि संचालकांना तारीख पाळायची होती. बाई अडून बसल्या: निदान प्रत्येक ग्राहकाला खरे कळवा. पत्रात लिहा, की दोष आहेत, तीन महिन्यांत निघतील. आत्ता हवे की थांबता? संचालक एका मिनिटात कबूल झाले. इतक्या सहज का, हे बाईंना तेव्हा कळले नाही.

पत्र वाचायला चाळीस सेकंद लागत. खाली दोन बटणे होती. 'थांबतो' हे नऊ जणांनी दाबले. त्यांतल्या सहांनी चुकून दाबल्याचे नंतर कळवले. बाकी सर्वांनी 'आत्ताच हवे' दाबले, सरासरी दीड सेकंदात. बाईंनी तो तक्ता दोनदा तपासला. त्यात एकही चूक नव्हती.

असे पत्र आपल्याला आलेच नाही, असे तुम्हाला वाटत असेल. आले होते. तुम्हाला लागलेला वेळही बाईंकडे नोंदलेला आहे. सरासरीच्या मानाने तो कमीच आहे.