तात्यांची दोरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. माझ्या चुलत्यांची, म्हणजे तात्यांची, माडावर चढायची दोरी हरवली नव्हती. ती मी लपवली होती.

तात्या शहात्तर वर्षांचे. अंगणात चालताना गुडघे धरून विव्हळायचे. पण काथ्याच्या दोरीचा वेढा पायांत अडकवला की सरसर माडावर. "बाळ्या, गुडघं सपाटीला दुखतात, उभ्याला न्हाय," हे त्यांचं शास्त्र. मी पन्नाशी ओलांडली, तरी बाळ्याच.

चक्रीवादळात आमच्या दिवेआगरच्या वाडीतले उंच माड गेले, एकच उरला. सकाळचा चहा झाला की तात्या त्याच्या शेंड्यात, आणि तिथून शेजारच्या हमीदाभाभीपासून गावाचा कारभार सुरू.

"हमीदाभाभी, मांजर बोंबील नेतंय!"

"कुणाचं मांजर, तात्या?"

"तुमचंच हाय!"

माझ्या होमस्टेला उतरलेल्या पाहुण्यांनाही सुटका नसे. "ओ पिवळी टोपी, भरती लागली, मागं फिरा!" पाहुणे मोबाइल काढून शूटिंग करायचे. तासाभराने तात्या खाली. हातात एखादा नारळ. पुष्कळदा तोही नाही.

एकदा उतरताना त्यांचा पाय सटकला. नुसतं खरचटलं. पण त्यांचा मुलगा सुनील न्हावा शेव्याला बंदरात क्रेनवर असतो, त्याचा फोन आला. "दादा, कायतरी करून बाबांचं चढणं बंद कर. या वयात कशाला?" मी लगेच हो म्हटलं. खरं तर सुनीलचं निमित्त झालं. पाहुण्यांच्या देखत म्हातारा माझ्या दारात पडला तर धंद्याचं काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दोरी माळ्यावर जुन्या गाद्यांखाली गेली.

तात्यांनी आठवडाभर शोधली. आधी उंदरांना शिव्या, मग खारींना, मग हमीदाभाभीच्या मांजराला. "बाळ्या, नुसता बघतोस काय, शोध की!" मीही त्यांच्याबरोबर अख्खी पडवी उपसली. घामाघूम होईपर्यंत. एवढं नाटक मला जमतं हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

तात्या नवी दोरी वळायला बसले, पण बोटं ऐकेनात. दुकानातली नायलॉनची आणू का विचारलं, तर म्हणाले, "ती माडाला धरत न्हाय."

मग सुनीलने मागे रेलणारी खुर्ची पाठवली. टीव्ही आला. डॉक्टर म्हणाले, बीपी उत्तम. सुनील फोनवर विचारायचा, "बाबा आरामात आहेत ना?" मी म्हणायचो, "मजेत." तात्या खुर्चीतून टीव्हीकडे बघत बसायचे, तो बंद असला तरी. मांजर निवांत झालं.

गेल्या महिन्यात तात्या माझ्याकडे आले. "तुझ्या गच्चीवर जरा ने रे." हात धरून नेलं. जिना उभाच होता, तरी गुडघे दुखले. वर पोचल्यावर टाचा उंचावून ते सुरूच्या बनापलीकडे समुद्राकडे बघू लागले.

"काय बघताय, तात्या?"

"जहाजं. डब्याडब्यांची. सुन्याच्या बंदराला जात्यात ना, ती. माडावरनं दिसायची. दोन-तीन ओळीनं गेली की म्हणायचो, आज पोराला जेवायला उशीर होनार."

"सुनीलला ठाऊक आहे हे?"

"त्याला कशाला सांगतोस? हसंल मला."

समोर नुसता सुरूचा हिरवा पडदा. तात्यांनी पुन्हा टाचा उचलल्या, कठडा धरला. "धा-पंधरा हात कमी पडतंय बघ," म्हणाले आणि माझा हात शोधू लागले.

दोरी अजून गाद्यांखाली आहे. ती तात्यांच्या हातात द्यायची, आणि मीच घेतली होती हे तोंडाने सांगायचं, ही दोन्ही कामं माझ्याकडून राहिली आहेत.