मावा-जलेबी आणि चालणारं बी

आपल्या दुकानात मुंगीसुद्धा चपला बाहेर काढून येते, असं श्रीकांत कडू गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचे. म्हणूनच लायसन्सच्या तपासणीला अन्न खात्याचे साहेब येणार हे कळल्यावर बुऱ्हाणपूरच्या त्या गल्लीत निश्चिंत असे हलवाई ते एकटेच होते. फरशी दोनदा पुसून झाली होती, मावा-जलेबीची कढई आरशासारखी चमकत होती. तरी साहेब दारात दिसताच श्रीकांतनी ओला फडका घेऊन काउंटर पुन्हा पुसायला घेतला. स्वच्छता नुसती असून भागत नाही, दिसलीही पाहिजे! काउंटरच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रावर काहीतरी वाळत घातलं होतं. त्यावर फडक्याचं पाणी ठिबकलं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

साहेबांनी मावा हुंगला, तूप पाहिलं, समाधानाने पेन उघडलं. आणि पेन हवेतच थांबलं.

"कडूजी, हे काय चालतंय?"

"आपल्या कृपेने ठीकच चाललंय, साहेब."

"धंद्याचं नाही विचारत. हे बघा."

श्रीकांतनी पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तपकिरी, केसाळ, काळ्या लांब तंगड्यांचे पन्नासेक किडे कागदावर सावकाश गिरक्या घेत होते! हे शेजारच्या भूपेंद्रच्या पिठाच्या गिरणीतून आले असणार, असं ते कसंबसं म्हणाले. मग घाबरून काउंटरखालचा डासांचा फवारा उचलला आणि जलेबीच्या परातीवरूनच नेम धरला. साहेबांनी त्यांचा हात पकडला आणि फवाऱ्याचीही नोंद केली.

तेवढ्यात आतून त्यांची मुलगी भूमिका धावत आली. ती बी.एस्सी.ला होती.

"पप्पा, फवारू नका. माझं प्रॅक्टिकल आहे ते."

ही जंगली जई, म्हणजे रानटी ओट, असं तिने सांगितलं. जैनाबादच्या मामांच्या गव्हात माजलेलं रानगवत. एका हंगामाचंच आयुष्य; एकदा बी धरलं की उन्हाळ्याआधी झाड मरून जातं. म्हणून बियाला स्वतःची सोय स्वतःच करावी लागते. त्याचं वाकडं, लांब कुसळ वाळलं की दोरीसारखं पिळतं, ओलं झालं की पीळ सुटतो, आणि त्या फिरण्याने बी मातीत घुसतं. तंगड्या म्हणजे ती कुसळं.

साहेबांना हे पटेना. भूमिकाने एक कोरडं बी त्यांच्या तळहातावर ठेवलं, वर पाण्याचा थेंब सोडला. कुसळ हळूच वळलं.

"अरे, ये तो सच में घूम रहा है," साहेब पुटपुटले. पुढे त्यांनी आणखी चार बिया फिरवून पाहिल्या, मध्ये दोन जलेब्याही खाल्ल्या. श्रीकांतचा जीव भांड्यात पडला.

अखेर साहेबांनी लिहिलं: 'किडे आढळले नाहीत.' श्रीकांतनी हात जोडले. साहेब पुढे लिहीतच होते: 'मात्र खाद्यपदार्थांजवळ रानगवताचं जिवंत बियाणं आढळलं. आठ दिवसांनी पुन्हा तपासणी.'

साहेबांनी मान वर करून, नोंदीत लिहायला म्हणून, भूमिकाला गवताचं शास्त्रीय नाव विचारलं.

तिने ते स्पेलिंगसकट सांगितलं.