हो किंवा नाही, एवढंच बोला

वीरेश त्या दिवशी नोकरीत कायम झाला. हे वाक्य वाचकांनी कृपया विसरावं, कारण दुपारी सव्वातीनला असं काही झालेलं नव्हतं आणि होण्याची चिन्हंही नव्हती.

परळीत स्टेशनजवळ एका मोबाईलच्या दुकानावरच्या खोलीत बसून वीरेश फोनवरून आयुर्विमा विकत असे. खोलीची खिडकी वीजकेंद्राच्या राखेमुळे कधी उघडत नसे. विमा अगदी सुटसुटीत होता. डॉक्टर नाही, तपासणी नाही; चार प्रश्न आणि सात मिनिटं. माणूस गेला तर घरच्यांना पैसे, राहिला तर अभिनंदन. तीन महिन्यांत दहा विमे विकेल तो कायम, नऊ विकेल तो घरी. मुदत आज सहाला संपत होती आणि वीरेशचे नऊ झाले होते. सकाळपासून केलेल्या ऐंशी फोनपैकी एकानेच सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं, आणि शेवटी तोही दुसऱ्या कंपनीचा विमा विकणारा निघाला.

"टेन्शन घेऊ नको," त्याच्या वरिष्ठ मोहिनी मॅडम मागे येऊन म्हणाल्या. "सहापर्यंत वेळ आहे. हेडफोन मात्र सहाला जमा कर."

वीरेशने सख्ख्या मामांना फोन लावला.

मामा म्हणजे मन्मथप्पा. तेलगावात त्यांचं किराणा दुकान होतं. वय एक्कावन्न, पण साखरेचं पोतं अजून एकट्याने उचलत. भाच्याच्या नोकरीचा प्रश्न म्हटल्यावर ते लगेच तयार झाले.

"मामा, आता रेकॉर्डिंग चालू व्हतंय. चार प्रश्न हायेत. हो किंवा नाही, एवढंच बोला. आन खरं तेच सांगा."

"आपन खोटं बोलतो का बे?"

बीप वाजली. वीरेशने कागदावरचं वाचलं, "आपल्याला हृदयाचा काही विकार आहे का?"

मामा खोल आवाजात म्हणाले, "हो."

"रक्तदाब किंवा मधुमेह?"

"हो."

"आपण तंबाखू खाता का?"

ज्या माणसाने जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती तो म्हणाला, "हो."

"गेल्या वर्षभरात आपण दवाखान्यात भरती झाला होतात का?"

"हो हो."

संगणकावर अर्ज नाकारल्याची लाल पट्टी आली. वीरेशने स्वतःच्या मोबाईलवरून पुन्हा फोन लावला.

"मामा, तुमाला कदी झालं हे समदं?"

"मला काय झालंय? काल दोन पोती उचललेत."

"मग कावून हो म्हनलात?"

"येडा का काय तू? मशीन चालू हाय म्हनतोस, आन मी माझ्या तोंडानं म्हनू, मला काईच न्हाई? दृष्ट लागंल बे. आपल्यात आजवर कोनी म्हनलंय का, मी ठणठणीत हाय म्हनून? तुझा आज्जा शंभरीला आला तरी कोनी इचारलं की म्हनायचा, आज-उद्याचा पाव्हना."

हे खरं होतं. तेलगावात तब्येत विचारली की गुडघा, कंबर, पित्त यांपैकी काहीतरी पुढे करण्याची रीत होती. नाही म्हणणारा माणूस शिष्ट समजला जाई.

"मामा, एका मानसाचं रेकॉर्डिंग दोनदाच करता येतं. एकदा झालं. आता माझी नोकरी तुमच्या तब्येतीवर हाय."

मामा पाघळले. "बरं. साडेचारला दुकानात कोनी नसतं. तवा कर. हळूच म्हनतो न्हाई."

वीरेशला ठाऊक नव्हतं ती गोष्ट अशी, की मामांचा फोन नेहमी स्पीकरवर असे, आणि पहिल्या फोनच्या वेळी शेजारचा हॉटेलवाला धुळाजी साखर न्यायला आलेला होता. हृदय, रक्तदाब, मधुमेह आणि चोरून तंबाखू एवढं ऐकून तो साखर न घेताच बाहेर पडला होता.

साडेचारला वीरेशने फोन लावला तेव्हा दुकानात अकरा माणसं होती. सहा जणांच्या हातात शहाळी आणि तिघांकडे ग्लुकोजचे बिस्किटपुडे होते. बद्रीनाथ सर शाळा अर्ध्यावर सोडून आले होते.

"मामा, करू का चालू?"

"वीरू, मानसं आलेत रे," मामा कुजबुजले.

"कशाला?"

"मला बघाया."

बीप वाजली. वीरेशने आवाज स्थिर ठेवून विचारलं, "आपल्याला हृदयाचा काही विकार आहे का?"

मामांनी समोर पाहिलं. अकराही माणसं त्यांच्याकडे अशा मायेने बघत होती, की त्यांना नाही म्हणणं म्हणजे शहाळी परत करण्यासारखं होतं.

"थोडा हाय," मामा म्हणाले.

"अप्पा, आता बोलू नगा," धुळाजीचा आवाज आला. "जीप आनलीय."

"आरं मला काय..."

"असंच म्हनत्यात. माझा चुलता बी असंच म्हनला व्हता."

पुढे पावलांचा आवाज, जीपचा आवाज, मग काही नाही. वीरेशसमोर दुसरी लाल पट्टी आली. पाच वाजत आले होते. मोहिनी मॅडम हेडफोन ठेवायची खोकी टेबलावर मांडू लागल्या होत्या.

वीरेश फोन लावत राहिला. पाच चाळीसला तो मामींनी, म्हणजे उमाबाईंनी, उचलला.

"मामी, मामा कुठंत?"

"सलाईन लावलीय. डॉक्टर म्हनला, काई न्हाई. धुळाजी म्हनला, तरीबी लावा. आता पडल्यात शहाळं पीत."

"बरं हायेत ना?"

"कन्हत्यात लोक बघून."

म्हणजे आता चौथ्या प्रश्नाचं उत्तरही खरोखरच हो झालं होतं. वीरेशने डोळे मिटले. पाच बेचाळीस. नोकरी जाणार म्हटल्यावर माणूस काहीही विचारतो.

"मामी, तुमाला काई आजार?"

"मला?" लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत मामींना हे कुणी विचारलं नव्हतं. "न्हाई बा."

"रेकॉर्डिंगवर म्हनाल?"

"त्यात काय?"

"दृष्ट?"

"माझ्याकडं बघतंय कोन, दृष्ट लावायला?"

दुकान कागदोपत्री मामींच्याच नावावर होतं, त्यामुळे विम्याला लागणाऱ्या स्वतःच्या कमाईचा प्रश्न नव्हता. बीप वाजली. मामींनी चार प्रश्नांना चार वेळा न्हाई म्हटलं आणि मधल्या वेळात नर्सला पंखा वाढवायला सांगितलं. वारस म्हणून मन्मथप्पांचं नाव लागलं. दुकानाच्या मोबाईलवरून पहिला हप्ता गेला. पाच अठ्ठावन्नला हिरवी पट्टी आली. मोहिनी मॅडमनी वीरेशच्या हेडफोनसाठी पुढे केलेलं खोकं मागे घेतलं.

गोष्ट खरं तर इथे संपायला हवी होती. पण रात्री मन्मथप्पा घरी आले आणि त्यांना सगळं कळलं. आपल्या बायकोने, कुणीही ऐकावं अशा जागी, आपण धडधाकट असल्याचं चार वेळा सांगितलं आहे, हे ऐकून त्यांचा चेहरा सलाईनच्या वेळी नव्हता इतका उतरला. त्यांनी मामींना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः चहा केला.

"डोकं दुखतंय का?" ते विचारू लागले. "छातीत काई? खरं सांग."

"न्हाई दुखत."

"मोठ्यानं नको म्हनू."

चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी मामी म्हणाल्या, "तुमी इचारून इचारून आता दुखाया लागलंय." मन्मथप्पा त्याच दुपारच्या गाडीने परळीला आले आणि वीरेशच्या टेबलासमोर बसले. कंपनीला द्यायचा अर्ज वीरेशनेच लिहायचा, असं ते ठरवूनच आले होते. तो लिहिला नसता तर मामा उठले नसते, आणि मोहिनी मॅडम बघत होत्या.

*प्रति, मा. मुख्य व्यवस्थापक.*

*विषय: विमाधारक सौ. उमाबाई यांना आजार मंजूर करण्याबाबत.*

*महोदय, वरील विमाधारक ही अर्जदाराची पत्नी असून तिने मंगळवारी आपल्या यंत्रावर स्वतःची तब्येत उत्तम असल्याचे चार वेळा सांगितले आहे. सदर बोलणे अनवधानाने झाले. तरी आपल्या नोंदीत तिच्या नावे किमान एक किरकोळ व बरा होणारा आजार दाखल करावा, मात्र विमा रद्द करू नये, कारण भाचा नुकताच कायम झाला आहे. ते शक्य नसल्यास, सदर ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याने ऐकून होताच संगणकावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकाव्यात आणि तसा लेखी अहवाल पंधरा दिवसांत तेलगाव येथे पाठवावा, ही नम्र विनंती.*