मडम पास करील तर

धोंडिबाकाकांच्या घरी शिजलेला पहिला घास मडमला जायचा. मडम म्हणजे त्यांची शेळी. पांढरी, एका कानाला चीर गेलेली, आणि चेहऱ्यावर कायम हेडक्लार्कसारखी नापसंती. काका पितळीत घासभर वाढून तिच्यापुढे धरायचे. तिनं खाल्लं की "पास!" म्हणायचे. तिनं तोंड फिरवलं की पातेलं खाली उतरायचं. ताट वाढून घेऊन मी समोर भुकेनं कळवळत बसलेलो असलो, तरी नियम तोच.

"जरा दम धरा, सायेब. मडमचं हुंदे."

सरकारी नोकराला शेळीनंतर जेवावं लागतं, हे मी घरच्या पत्रात कधी लिहिलं नाही. ही विलायती रीत असावी अशी मी स्वतःची समजूत घातली होती. कारण काका तरुणपणी धरणावरच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते. साहेब केव्हाच गेला; काका मुळशीत परतले आणि गावानं त्यांचं नाव 'बटलर' ठेवलं. लग्न झालं नाही. थोरला भाऊ वारलेला. त्याची बायको सोनावहिनी शेजारीच, मधे कारवीचा कूड. रोज दुपारी त्या कुडावरून एक भाकरी आणि कालवण अलीकडे यायचं, आणि रिकामी थाळी घासूनपुसून पलीकडे जायची. बोलणं शक्यतो नाही. बोलल्याच तर सोनावहिनी बोलायच्या, आणि ते खालच्या आळीपर्यंत ऐकू जायचं.

मी तेव्हा ग्रामसेवक होतो; राहायला जवळच, जेवायला काकांकडे. वय तेवीस, अनुभव शून्य, सही मात्र फार वळणदार. त्या सहीनंच घात केला. महिला मंडळापुढे पाककृतीचं प्रात्यक्षिक करावं, त्यासाठी ओव्हन पाठवत आहोत, सोबतची पावती सही करून परत धाडावी, असं वरून पत्र आलं. मी सही करून धाडली. पावती वेळेवर पोचली. ओव्हन काही आला नाही. तो आला नाही असं कळवावं, तर तो मिळाल्याचं मीच लिहून दिलेलं!

शिवाय विस्तार अधिकारी बाईसाहेब स्वतः बघायला यायच्या होत्या. विषय: केक.

मी काकांचे पाय धरले. त्यांनी परिपत्रक उलटं धरून शांतपणे पाहिलं.

"ववन कशाला लागतोय? सायबाचा पंधरा वर्सं केक केला, त्यो काय ववनात? टोपात वाळू, वाळूवर तीन खडे, खड्यावर डबा, आन् झाकनावर इंगळ. खाली सून, वर सासू. सासूचा ताव जास्ती पायजे. ह्येवढं ध्यानात ऱ्हायलं की झालं."

"आणि अंडी चार," मी वाचून दाखवलं.

"कदी हाय म्हनला कारेक्रम?"

"सोमवारी."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मडमच पाहते आहे असा भास झाला. "सायेब, सरावन लागलाय. गावातल्या समद्या बायांचा सोमवार. तुमी त्यांस्नी अंडं चारनार?"

बाजाराचा दिवस टाळायचा म्हणून मी सोमवार निवडला होता. श्रावण वगैरे माझ्या डायरीत नव्हता. तारीख बदलावी तर बाईसाहेबांचा दौरा पक्का झालेला.

मग काकांनी उपासाचा केक काढला. डोंगरातली वरी दळली. त्यात पिकलेली केळी, दही, गूळ, तूप. चिमूटभर सोडा घालताना मात्र हात अडला. सोडा उपासाला चालतो का? काकांनी मला कुडापाशी धाडलं. सोनावहिनी महिला मंडळाच्या अध्यक्षीण, तेव्हा धर्मनिर्णय त्यांच्याकडेच.

"मीठ चालतंय, तर सोड्यानं काय घोडं मारलंय?" पलीकडून निकाल आला.

ऐनाच्या लाकडाच्या निखाऱ्यावर पहिला केक भाजून निघाला. मडमनं पितळी चाटून पुसून ठेवली. मी आनंदानं म्हणालो, "काका, सोमवारी तुम्हीच पुढे बसून करून दाखवा."

"न्हाई. मी हितंच करून देतो. तुमी तितं नुसतं दावा. आन् माझं नाव काडू नगा."

"का बरं?"

काका राख सारखी करत राहिले. "माझ्या हातचं गावात कोन खात न्हाई, सायेब. सायबाच्या चुलीवर काय काय शिजवलं, ते समद्यांस्नी ठावं हाय. लग्नात भाजी चिराया बोलावत्यात, पर चुलीपाशी येऊ देत न्हाईत. वयनी भाकर देती. पर तिनंबी माझ्या हातचं कदी तोंडात घातलं न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "तुमचं म्हनून खातील. मी लांबनं बगीन."

मी कबूल केलं. गुपित राखण्यात मी पटाईत आहे असं मला तेव्हा वाटायचं.

सोमवारी शाळेच्या पडवीत तीसेक बाया दाटीवाटीनं बसल्या. बाहेर पाऊस लागलेला. तयार केक मी टेबलामागे टोपलीखाली झाकून ठेवला होता. काका पडवीच्या टोकाला, पायरीवर, आमच्याकडे पाठ करून बसले. जणू वाटसरू पावसाचा थांबलाय. मी वाळू, खडे, डबा, निखारे सगळं रचलं. "खाली सून, वर सासू" म्हणताच बाया पदरात तोंड घालून हसल्या. तेवढ्यानं मला चेव आला. बाईसाहेबांनी "झाला का?" विचारलं की मी झाकण उचलायचो. असं पाच वेळा उचललं. दुसऱ्या वेळी राख आत गेली, चौथ्या वेळी एक निखारा. शेवटी डबा बाहेर काढला, तर केक मधोमध खचलेला.

"दमून बसला जनू," सोनावहिनी म्हणाल्या. "त्याचाबी सोमवार असंल."

हशा ओसरायच्या आत मी टोपली उचलून तयार केक पुढे केला. बाईसाहेब खूश झाल्या. "अहो, हा तर किती सुरेख! हा आधी तुम्हीच केलात?"

मी हो म्हणणार, एवढ्यात सोनावहिनी कडाडल्या, "ह्ये? ह्यास्नी च्या येत न्हाई करता! दूध उतू जातं त्ये माज्या अंगनापत्तुर वास येतोय. खरं सांगा, कुनी केला?"

तीस बाया माझ्याकडे बघत होत्या. माझी नजर नको तिकडे, पायरीकडे गेली. पुढचं काही बोलायची गरजच उरली नाही.

पडवीत एकदम पावसाचा आवाज मोठा झाला. मी घाईघाईनं केळीच्या पानांवर तुकडे वाटले. बायांनी नम्रपणे घेतले आणि एकेकीनं पानासकट पदराच्या टोकाला बांधले. "पोरांस्नी न्हेतो." मी बाईसाहेबांना अभिमानानं सांगितलं, "बघा, घरी नेताहेत!" ते तुकडे वाटेत ओढ्याला जाणार होते, हे पडवीत फक्त आम्हा दोघा सरकारी माणसांना माहीत नव्हतं. काका उठले. इरलं डोक्यावर घेतलं.

"भावजी, थांबा."

सोनावहिनींनी पदराची गाठ सोडली. "पंधरा-वीस वर्सं माझी भाकर खाताय. थाळी घासून देताय. त्या थाळीत मी जेवते. मंग मी काय आज बाटनार हाय?" हे त्या काकांना म्हणत होत्या, पण बघत होत्या बायांकडे. मग तुकडा मोडून तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"गूळ कमी हाय," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.

मग एक गाठ सुटली. मग दुसरी. सगळ्या नाही सुटल्या. चार-पाचजणी तशाच घरी गेल्या, ओढ्याच्या वाटेनं. पण पानं बरीच रिकामी झाली. एका म्हातारीनं तर माझा निखाऱ्याचा केकही राख झटकून संपवला.

संध्याकाळी मी काकांकडे गेलो. माफी मागायची होती, वाक्यही जुळवून ठेवलं होतं. काका दारात तराजू घेऊन गूळ फोडत बसले होते. मडम खुंट्याशी बें बें करत होती. तिच्यापुढे पितळी होती, आणि पितळीत नुसता झाडपाला.

"आज मडमला केक नाही?" मी विचारलं.

"उरला न्हाई," काका म्हणाले. तिच्या चीर गेलेल्या कानामागे त्यांनी बोटानं खाजवलं. "इतकी वर्सं दुसरं कोन हुतं चाखाया?"

मग तराजूच्या पारड्यात गुळाचा आणखी एक खडा टाकून म्हणाले, "गूळ कमी पडला, म्हनली वयनी. ऐकलं न्हवं तुमी?"

ऐकलं होतं. तरी मी म्हणालो, "नाही. काय म्हणाल्या?"

त्यांनी पुन्हा सांगितलं.