हॅमर्ली बंदरीच्या सॅल्मन-मोहिमेची व केळ्याच्या पावाची हकीकत

स्वस्ति श्री. अमेरिकेच्या वायव्येस प्युजेट खाडीच्या मुलखात हॅमर्ली म्हणोन खाऱ्या पाण्याचे बंदर आहे, तेथील समस्त दर्यावर्दी, गळबहाद्दर आणि आमिषविक्रे यांनी एकदिलाने फर्माविले की, मागे जी सॅल्मनची डर्बी, म्हणजे मोठा मासा धरण्याची पैज, जाहली तीत खासे ओर्विलसाहेब टॉलिफसन यांनी जी मर्दुमकी केली तिजविषयी गावात नाना वावड्या उठतात, कोणी हसतो, कोणी उठून अंगविक्षेप करोन दाखवितो, तरी खरी हकीकत एकवार लिहून काढावी. म्हणोन जे जाहले ते लिहितो. पदरचे काही घालीत नाही, घालण्याची गरजही पडली नाही.

ओर्विलसाहेब या बंदरीचे जुने मानकरी, नॉर्वेकडील खलाशांचे नातू, सारा जन्म गळाची काठी धरण्यात गेलेला. डर्बीचे आदले दिवशी आमिषाच्या दुकानात उंच स्टुलावर बसोन त्यांनी समस्त गावास मसलत द्यावी हा रिवाज पडला होता. त्यांचे कायदे येणेप्रमाणे की, आमिषाचा हेरिंग मासा मिठाच्या पाण्यात मुरवावा म्हणजे मांस घट्ट होते, आणि मुंडके तिरके छाटावे म्हणजे धड पाण्यात घायाळासारखी गिरकी घेते, आणि भरती पालटोन ओहोटी लागते त्या घटकेस गळ पाण्यातच असला पाहिजे, तेव्हा खाण्याचा डबा उघडू नये की वाद घालू नये, आणि मासा होडीजवळ येताच जाळे घेऊन त्याचे शेपटीमागे धावू नये, डोके आपसूक जाळ्यात येऊ द्यावे. आणि सर्वांत वरचा कायदा हा की, होडीवर केळे आणू नये. केळे चढले की मासा उतरला, हे त्या किनाऱ्यावर लहान पोर देखील जाणते, आणि कारण विचारील त्यास वेडा गणतात.

ऐशी मसलत ऐकोन गाव डर्बी जिंके. ओर्विलसाहेब मात्र कधी जिंकले नाहीत. त्यांचे मेव्हणे लाइल कुचेरा, स्वभावे उर्मट, होडीवर इतके पडदे आणि यंत्रे की मासा पाण्यात कमी व काचेवर जास्त दिसे, हे लागोपाठ जिंकत आले. त्यांनी भर दुकानात, सारे गाव कॉफी पीत असता, साहेबांस टोकिले.

“दाजी, तुमचं ऐकून आम्ही जिंकतो. तुम्ही कोणाचं ऐकता ते तरी सांगा, म्हणजे त्याचं आम्ही ऐकणार नाही!”

दुकान खदखदले. साहेबांचे कान लाल जाहले, आणि त्या रागाच्या भरात तह ठरला तो ऐसा की, या डर्बीत ज्याचा मासा वजनात कमी भरेल त्याने स्टुलावरील हक्क कायमचा सोडावा, आणि दुसऱ्याची मसलत खाली बसोन, टोपी काढोन ऐकावी. साहेबांपाशी पेन्शन होते, होडी होती, गुडघेदुखी होती, परंतु इज्जत म्हणोन जी काय होती ती सारी त्या स्टुलावर होती. ते गेले तर गावात तोंड दाखविणे मुष्कील, हे ते जाणोन होते.

आता गनिमाची कैफियत लिहितो. हा राजा-सॅल्मन जातीचा मासा म्हणजे सरकारनेच पैदास केंद्रात दाणा घालोन वाढविलेला, शेपटीजवळचा छोटा पर कापोन खूण केलेला, आणि समुद्रात सोडिलेला, तो एवढ्यासाठी की मोठा होऊन त्याने परत यावे आणि रयतेने त्यास शौर्ये मारावे. ज्याचा पर कापलेला तोच मारावा, ज्याचा पर शाबूत तो जंगली, त्यास पाण्यातच सोडोन द्यावे, ऐसा सरकारी हुकूम. तेव्हा सरकारने पाळिलेल्यावर तलवार आणि खऱ्या रानट्यास सलाम, ऐशी ही लढाई. तिजसाठी नव्या होड्या, नवे अंगरखे आणि बायकांची बोलणी, इतका सरंजाम खर्ची पडतो.

मग ऑगस्टाचे शुभ प्रभाती आरमाराने कूच केले. साहेबांबरोबर त्यांचे कुटुंब व्हर्नाबाई होत्या. धुके होते, गारठा होता, आणि भरती पालटावयास थोडाच अवकाश उरला असता बाईंनी पिशवीतून फडक्यात बांधिलेला, अद्याप कोमट ऐसा पाव काढिला. साहेबांस वास आला, आणि तोंडचे पाणी पळाले.

“व्हर्ना, हे काय आहे?”

“पाव.”

“कशाचा?”

“खायचा.”

“व्हर्ना, यात केळं आहे!”

“तीन आहेत. काळी पडली होती, टाकून देऊ का?”

तेव्हा साहेबांनी हुकूम फर्माविला की पाव तात्काळ समुद्रार्पण करावा. बाईंनी प्रतिहुकूम दिला की आईच्या हातची कृती आहे, पाव पाण्यात गेला तर पाठोपाठ साहेब जातील. बंदरी परत जाऊन पाव उतरवावा तर भरती हुकते. शेवटी शेजारून लाइलसाहेबांची होडी जात होती, तिजकडे बाईंनी पाव उंच धरिला, की भावाने तरी न्यावा.

“ताई, केळ्याचा आहे ना तो? लांब कर! लांब कर म्हणतो ना!” ऐसे ओरडोन लाइलसाहेबांनी इंजिन असे पळविले की साहेबांची होडी दोन्ही अंगांनी हलली.

येथे साहेबांनी ती मसलत केली जी या किनाऱ्यावरील गळकऱ्याखेरीज कोणास सुचती ना. केळे होडीवर असता कामा नये, टाकता येत नाही, कोणी घेत नाही, तरी ते नाहीसे करावे. म्हणोन साहेब बसले आणि अख्खा पाव एकट्याने खाल्ला, आणि घशात अडके तेव्हा वर थर्मासातील काळी कॉफी ओतिली, आणि फडक्यावरील चुरा देखील चाटोन पुसोन घेतला, आणि विजयी मुद्रेने बाईंकडे पाहिले.

“झालं,” बाई म्हणाल्या. “आता केळं होडीत नाही, तुझ्यात आहे. आणि तू कुठे आहेस?”

 थोडका वेळ गेला, आणि पोटात प्रथम कुरबुर, मग बंड, मग उघड गदर उसळला. तिकडे लाइलसाहेब सतरा रतलांचा मासा घेऊन बंदरी वजनकाट्याकडे निघाले, ऐसी वार्ताही आली. आणि नेमकी भरती पालटली, जेव्हा डबा उघडू नये, वाद घालू नये, ती घटका. साहेबांनी काठी होडीच्या काठावरील खोबणीत रोविली, बाईंस तोंड फिरविण्याचा हुकूम केला, पाटलोण घोट्यांवर सोडिली, आणि छोट्या होड्यांवर या कामी जी बादली ठेवितात तिजवर आरूढ जाहले.

त्याच क्षणी काठी कमानीसारखी वाकली.

डर्बीचा कायदा कडक की, ज्याची काठी त्याने एकट्यानेच लढावे, काठीस दुसऱ्याचे बोट लागले तर मासा बाद, जाळे मात्र दुसऱ्याने धरिले तरी चाले. म्हणोन साहेब बादलीवरून तैसेच उठले, आणि काठी छातीशी कवटाळिली, आणि रीळ किंचाळो लागले, आणि गनीम दोरी घेऊन खोल पाण्यात धावला. धुके विरले होते. वारा नव्हता. समस्त आरमार हळूहळू जवळ सरकले, कोणी दुर्बीण काढिली, कोणी फोन काढिला, आणि लढाईत ऐसे शांत प्रेक्षक कोणाही सरदारास लाभले नसतील.

मग मासा वर आला, चांदीची लादी जैसी. साहेब स्वतःचे सारे कायदे विसरोन ओरडो लागले, “मार जाळं! शेपटी धर! व्हर्ना, मागून घे, मागून!”

“डोकं येऊ दे, तूच सांगतोस ना दरवर्षी?” ऐसे म्हणोन बाई जाळे पाण्यात धरोन निवांत उभ्या राहिल्या. साहेब वाकोन पाहतात तो शेपटीजवळचा पर आहे की नाही, हेच कळेना. मग पाणी स्थिरावले. पर कापलेला होता. साहेबांच्या डोळ्यांस पाणी आले, आणि पुढल्या घटकेस मासा जाळ्यात होता.

वजनकाट्यावर साहेबांचा मासा सतरा रतल व वर पाव रतल भरला, लाइलसाहेबांचा नुसता सतरा. तेव्हा लाइलसाहेबांनी पंचांपुढे तक्रार गुदरली की, काठीस दुसरा हात लागला असणार.

“दाजी बादलीवरून उठले, दोन्ही हात काठीवर होते म्हणता? मग पँट कोणी धरली होती? ताईने पँट धरली तर काठीही धरली असेल!”

पंच गंभीर जाहले. सारे बंदर जमले होते. साहेबांपुढे दोनच वाटा, गप्प राहोन स्टूल सोडावे, किंवा इज्जत राखण्याकरिता इज्जत सोडावी. बाई पुढे होऊ लागल्या, त्यांस हाताने थांबवोन साहेब स्वमुखे वदले, “पँट कोणीच धरली नव्हती.”

“म्हणजे कुठे होती?” पंचांनी विचारिले, कारण निवाड्यास खुलासा लागतो.

“घोट्यांवर.”

शंभर साक्षीदारांनी दुजोरा दिला, कित्येकांनी सचित्र. मासा मंजूर जाहला.

पुढील डर्बीचे आदले दिवशी दुकानात पाय ठेवण्यास जागा नव्हती. लाइलसाहेब टोपी काढोन खाली बसले होते. ओर्विलसाहेब स्टुलावर चढोन हेरिंग मुरविण्याविषयी बोलो लागले. कोणी ऐकेना. मागून कोणी विचारिले, “साहेब, बादली केवढी?”

 साहेब स्टुलावर सावरोन बसले आणि बोलिले, “पाच गॅलनची. पांढरी.”

सभेने मान डोलाविली. मग दुसऱ्याने विचारिले की पावात साखर किती, आणि केळी पूर्ण काळी हवीत की ठिपक्यांची चालतील, आणि हे साहेबांस ठाऊक नव्हते. तेव्हा व्हर्नाबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांजकडे समस्त गळबहाद्दरांनी, लाइलसाहेबांसुद्धा, खुर्च्या वळविल्या, आणि साहेबांपुढे केवळ पाठी राहिल्या.

येणेप्रमाणे सॅल्मनची मोहीम फत्ते जाहली, गनीम धुरावर भाजोन खाल्ला, आणि स्टुलावरील हक्क वंशपरंपरा ओर्विलसाहेब टॉलिफसन यांजकडे कायम जाहला. सभा उठेपर्यंत ते त्याजवर बसोन होते. हे सर्वांस जाहीर व्हावे.